सरळ रेघेचा दावा

देवळांना देवळे जोडून नकाशावर रेघा ओढणाऱ्यांचा एक नवाच संप्रदाय अलीकडे आपल्याकडे बळावला आहे. केदारनाथापासून रामेश्वरापर्यंतची आठ प्राचीन शिवक्षेत्रे ७९ अंश पूर्व रेखांशावर एकाच सरळ रेषेत उभी आहेत, तेव्हा आपल्या पूर्वजांना पृथ्वीचे मोजमाप उपग्रहांवाचूनच करतलामलकवत् होते, असा मजकूर ज्याच्या मोबाइलवर एकदाही आला नाही असा मराठी गृहस्थ विरळाच. या मताची बाजू मांडायची तर तिच्या उत्तम रूपातच मांडली पाहिजे. जे लोक ग्रहणांचे गणित करीत होते, ज्यांनी वेरूळचा डोंगर वरून खाली कोरीत आणला, त्यांनी देवस्थानांच्या जागा वाटेल तशा निवडल्या असतील हे संभवत नाही. निवडीमागे काही योजना असली पाहिजे. आणि योजना असेल तर ती भूमीवर उमटलेली दिसली पाहिजे. या युक्तिवादाची पहिली दोन पावले मला मान्य आहेत. तक्रार आहे ती तिसऱ्या पावलानंतर हाती घेतल्या जाणाऱ्या फूटपट्टीबद्दल.

ही फूटपट्टी मूळची आपली नव्हे. इंग्लंडातील हेरफर्डशायरच्या आल्फ्रेड वॉटकिन्स नावाच्या व्यापाऱ्याला १९२१ साली नकाशा न्याहाळताना जुनी टेकाडे, चर्चे, उभे दगड आणि नदीचे उतार एका ओळीत आल्याचे जाणवले, आणि १९२५ मध्ये ‘द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक’ हा ग्रंथ लिहून त्याने या ओळींना ‘ले’ हे नाव रूढ केले. त्या भल्या माणसाचे म्हणणे एवढेच होते, की या प्राचीन वाटसरूंच्या सरळ वाटा असाव्यात. त्या रेघांतून भूमीची गूढ शक्ती वाहते हा साक्षात्कार पुढच्या पिढीचा. १९६९ च्या जॉन मिशेलच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. आपल्याकडे आली ती ही दुसरी आवृत्ती, आणि आल्याबरोबर तिने गंधटिळा लावून घेतला.

आता ७९ अंशांचा दावा दप्तरी तपासू. यादीतले तिरुवानैक्कावल ७८.७ अंशांवर आहे आणि आपल्या गडचिरोलीच्या सिरोंच्यासमोरचे गोदावरीपलीकडील काळेश्वर ७९.९ अंशांवर. म्हणजे जिला रेषा म्हणतात तिची रुंदी सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास भरते. पुण्याहून निघून सोलापूरच्या रस्त्याने पळसदेवला पोहोचावे, तरी मनुष्य या रेषेच्या पोटातच राहील. शिवाय आठांपैकी ज्योतिर्लिंगे दोनच, दोन टोकांची. उज्जयिनीचा महाकाल, काशीचा विश्वेश्वर, महाराष्ट्रातील त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ यांना या पंक्तीत पान नाही. जी स्थाने ओळीत बसली ती साक्षीला बोलवायची, उरलेल्यांना समन्सच काढायचे नाही, असा हा फैसला आहे.

याहून गंभीर हरकत आपल्याच शास्त्राची आहे. सूर्यसिद्धान्ताने खरोखरच एक मध्यरेषा सांगितली आहे: लंका, अवंती, रोहीतक, कुरुक्षेत्र आणि मेरू यांमधून जाणारी. ती ज्योतिषगणितासाठी आहे, देवळांसाठी नव्हे. आणि तीवरचे कुरुक्षेत्र प्रत्यक्षात उज्जयिनीच्या सुमारे एक अंश पूर्वेस आहे. यात सिद्धान्तकारांना उणेपणा नाही. देशांतर काढायचे तर दोन ठिकाणच्या वेळांतील अंतर कळावे लागते, एका अंशाला वेळ पडतो चारच मिनिटे, आणि ती वेळ ताडून पाहण्याचे त्यांचे साधन म्हणजे चंद्रग्रहण. हे कष्ट ज्यांनी स्वतः ग्रंथात नमूद केले, त्यांच्या माथी अंशांच्या अपूर्णांकांची कीर्ती लादणे म्हणजे त्यांच्या खऱ्या श्रमांची उपेक्षा करणे होय. कुंपणी सरकारच्या अमदानीत ७८ अंशांच्या आसपासची दक्षिणोत्तर रेषा मोजायला विल्यम लँबटनने आरंभ केला, तेव्हा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर चढवावा लागे. लँबटन १८२३ मध्ये काम अपुरे टाकून आपल्या हिंगणघाटास वारला, तेथेच त्याचे थडगे आहे, आणि ते काम तडीस जायला १८४१ उजाडले. सरळ रेषेची किंमत अशी असते.

पण दूरचे उदाहरण कशाला? इंदापूर तालुक्यातूनच जाणारी एक सुरेख रेघ मी काढून देतो. लहान प्रमाणाच्या नकाशावर सिद्धटेकपासून पंढरपूरपर्यंत एक काडी ठेवा. पळसदेव आणि नीरा-नरसिंहपूर तिच्या अंगाला लागूनच येतील. गणपती, शंकर, नृसिंह आणि विठ्ठल एका रेषेत! यावर व्याख्यानमाला गुंफता येईल. नकाशा मोठा केला की ठिकाणे काडीपासून काही कोस ढळतात हे तूर्त सोडून देऊ. ती काडीजवळ मुळात का आली ते पाहू. चारही स्थाने भीमेच्या काठची आहेत, आणि भीमा या मुलखातून, वळणे घेत का होईना, एकंदरीत आग्नेयेकडे वाहते. रेघ नदीची आहे. देवळे नदीकडे आली.

नदी नसतानाही रेघा निघतातच, हा गणिताचा भाग आहे. बारामती-इंदापुराकडच्या तीस किलोमीटर लांबीरुंदीच्या शिवारात देवळे, मठ, दर्गे, वीरगळ मिळून शंभर जागा धरल्या, तर त्यांतून तीन-तीनांचे १,६१,७०० गट पडतात. आणि दोनशे मीटर रुंदीच्या पट्ट्यात मावली म्हणजे ‘एका रेषेत’ अशी उदार व्याख्या केली, तर जागा डोळे मिटून टाकल्या असल्या तरी हजारो त्रिकुटे आपोआप जुळतील. न जुळती तरच नवल मानावे लागले असते.

यावर कोणी म्हणेल, की ही श्रद्धेची बाब आहे, तीत त्रैराशिक कशाला? परंतु श्रद्धेने रेखांश कधी मागितलाच नाही. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस जाते ती बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी, वस्त्यांना आणि मुक्कामांना धरून वळत जाते. हजारो माणसांना पाणी, भाकर आणि रात्रीची पाठ टेकायला जागा लागते, म्हणून त्या वाटेला तो आकार आहे. आणि वारकऱ्याला तो वाकडा वाटल्याचे ऐकिवात नाही.

योजना होती, हे मात्र मी आग्रहाने प्रतिपादतो. ती कोठे शोधावी एवढाच वाद आहे. जागेवर शंकू रोवायचा, त्याभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक परिघाला शिवते ते दोन बिंदू सांधून पूर्वपश्चिम निश्चित करायची, ही कृती कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे पश्चिमाभिमुख मंदिर घ्या. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे किरण महाद्वारातून मूर्तीपर्यंत येतात. हिवाळी अयनबिंदू २१ डिसेंबरच्या सुमाराचा. पहिल्या किरणोत्सवाचा मधला दिवस त्याच्या सहा आठवडे अलीकडे, तर दुसऱ्याचा तितकाच पलीकडे. सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळत असल्यामुळे हे दिवस असेच पडले पाहिजेत. संरेखनाचा पुरावा असा असावा: वर्षातून दोनदा, तारीख आधी सांगून, कोणालाही उभे राहून पाहता येईल असा. वाटांच्या योजनेचा पुरावाही असाच ठोस असतो. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, कोरलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत, आणि घाट चढून गेले की जुन्नरची लेणी आहेत. कोकणातून वर येणारी ती वाट सह्याद्रीने जेथे दार ठेवले तेथूनच आली आहे.

या दृष्टीने पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर आज अधिक मोलाचे आहे. भीमाकाठचे हे दगडी मंदिर आणि त्यावरचे विटांचे शिखर उजनी जलाशयात गेले, गाव उठून वर वसले. आणि धरण उणे साठ्यात जाते त्या दुष्काळी उन्हाळ्यांत मंदिर पुन्हा उघडे पडून पाहणाऱ्यांची रीघ लागते. सिद्धटेककडे रेघ ओढण्याऐवजी त्या थोड्या आठवड्यांत करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. गर्भगृहाचा अक्ष खऱ्या पूर्वेपासून किती कलला आहे हे होकायंत्राचा दोष वजा करून टिपावे. आवारातल्या वीरगळांची एकेकाची जागा आणि तोंड कोणीकडे हे लिहून घ्यावे. नदीला उतार कोठे होता, बाजाराची वाट कोणत्या बाजूने येई, हे बुडण्यापूर्वीचे गाव पाहिलेल्या वृद्धांच्या जबान्या घेऊन आणि धरणाआधीच्या मोजणीच्या नकाशांशी ताडून ठरवावे. गाळ दर पावसाळ्याला वाढतो आहे, विटा सुटत आहेत, आणि त्या जबान्या देणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.