कॅटनिसचं प्रेम खोटं?

सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'वरून (२००८) घरात वाद पेटलाय. नात म्हणते, "आजोबा, कॅटनिसचं पीटावर प्रेमबिम नाही, सगळं कॅमेऱ्यापुढचं नाटक!"

साफ चूक! गुहेत तिने चुंबन घेतलं, तेव्हा कुठे जखमी पीटासाठी वरून गरम सूप उतरलं. प्रेम दाखवल्याशिवाय जिथे अन्न नाही, तिथे दोष मुलीचा, की मुलांना एकमेकांना मारायला लावून तमाशा बघणाऱ्या कॅपिटॉलचा? दुसऱ्या भागात (२००९) पीटाचं हृदय थांबतं, तेव्हाचा तिचा आक्रोश कुणी शिकवलेला नव्हता.

सुरुवात नाटकाने झाली, कबूल. पण आमच्या लग्नाच्या फोटोतही मी हिच्याजवळ सरकलो, तो फोटोग्राफरने सांगितलं म्हणून. प्रेम नंतर आलं. ते खोटं म्हणायची कुणाची छाती आहे?