जुन्या सीडी प्लेअरचा ‘गोडवा’

जुन्या यंत्रांविषयी बोलताना माणसे हळवी होतात, हे मी समजू शकतो. रेडिओ, ग्रामोफोन, स्पूलचा टेपरेकॉर्डर यांच्या पंगतीत आता सीडी प्लेअरही येऊन बसला आहे. १९८० च्या दशकातली ही यंत्रे जुन्या बाजारातून शोधून आणायची, चार रसिक जमवायचे, आणि एकामागून एक लावून ‘याचा आवाज उबदार’, ‘त्याचा कोरडा’ असे निवाडे द्यायचे, हा छंद आपल्यातल्याही काहींना जडला आहे. छंदाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो निवाड्यांना. कारण अशा बैठकीत ज्याला काहीच फरक जाणवत नाही तो बिचारा मान डोलावून गप्प राहतो, आणि ज्याचे यंत्र महाग त्याचा कान तयार ठरतो. ऐकण्याच्या प्रांतात ही सावकारी मला मान्य नाही.

अर्थात, ‘आकडे ते आकडे, सगळे प्लेअर सारखेच’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझे जमत नाही. पहिल्या पिढीतली यंत्रे खरोखरच वेगळी होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सोनीचा सीडीपी-१०१ बाजारात आला. किंमत १,६८,००० येन. फिलिप्सचा सीडी १०० त्याच पिढीतला. तबकडी दोघांची एकच: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावरचा एक आकडा. पण या आकड्यांचा पुन्हा ध्वनी करण्याची रीत दोघांची अगदी निराळी. सोनीने १६ बिटांचा एकच रूपांतरक बसवला आणि त्याला डाव्या-उजव्या वाहिनीसाठी आळीपाळीने राबवले. त्यानंतर येणारी अनिष्ट भुते घालवायला एक अत्यंत कडक गाळणी लावली, जी २० किलोहर्ट्झपर्यंत सर्व जाऊ देते आणि त्यापुढे एकदम दार लावते. फिलिप्सजवळ १४ बिटांचाच रूपांतरक होता. तेव्हा त्यांनी आकड्यांवरच आधी संस्कार केले: नमुन्यांचा वेग चौपट, म्हणजे १,७६,४०० केला, गोंगाट ऐकू न येणाऱ्या प्रदेशात ढकलला, आणि १४ बिटांकडून जवळजवळ १६ बिटांचे काम करून घेतले. भुतेही इतकी वर गेली की शेवटी साधी, सौम्य गाळणी पुरली. अडचणीतून काढलेली ही वाट इतकी चांगली निघाली की पुढे सर्वांनीच तिचा कित्ता गिरवला. माझ्या मते त्या काळातली खरी हुशारी इथे आहे. ‘उबदार’ या विशेषणात नाही.

आता या फरकांचे वजन करू. सोनीच्या आळीपाळीमुळे एक वाहिनी दुसरीच्या मागे सुमारे ११ मायक्रोसेकंद राहते. ऐकायला भयंकर वाटते. पण तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून चार मिलिमीटरही जात नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मान जरा कलली तर याहून मोठा फरक पडतो. दोन्ही वाहिन्या एकत्र करून एकाच स्पीकरवर ऐकल्या तर अगदी वरचे टोक थोडे मंदावते, एवढे खरे. कडक गाळणीचा परिणामही त्या टोकापाशीच अधिक. आपल्या तानपुऱ्याच्या जवारीचे तेज मुख्यतः त्याच्या बऱ्याच खाली असते. आणि वय वाढते तसे कानाला ते टोक ऐकूच येईनासे होते, तेव्हा प्राध्यापकवर्गाने (क्षमा असावी!) २० किलोहर्ट्झवरून भांडू नये.

मग बैठकीत सर्वांना जो ‘स्पष्ट’ फरक ऐकू येतो तो कुठून येतो? पहिला संशयित म्हणजे आवाजाची पातळी. बहुतेक प्लेअर सुमारे दोन व्होल्ट देतात, पण सगळे अगदी तेवढेच नव्हे. एकाने २ आणि दुसऱ्याने २.२ व्होल्ट दिले की पाऊण डेसिबलहून अधिक फरक पडला. इतका फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही. तो ‘भरीव’, ‘जिवंत’, ‘मोकळा’ म्हणून कळतो. सगळी विशेषणे इथेच जन्मतात. चाचणीच्या तबकडीवरचा एकच स्वर लावून व्होल्टमीटरने दोन्ही यंत्रे एका टक्क्याच्या आत जुळवली नसतील, तर पुढची चर्चा म्हणजे निव्वळ गप्पा.

दुसरा संशयित तबकडी स्वतः. १९८५ सालची तबकडी आणि त्याच गाण्याची वीस वर्षांनी ‘सुधारून’ काढलेली आवृत्ती यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो, कारण मधल्या काळात हळू-मोठ्यातले अंतर चेपून सगळेच मोठे करण्याची चाल पडली. जुन्या यंत्रावर जुनी तबकडी लावायची आणि श्रेय यंत्राला द्यायचे, हा वर घोडीवर बसला म्हणून घोडीला आहेर करण्याचा प्रकार झाला. शिवाय सुरुवातीच्या काही तबकड्यांत वरचे स्वर मुद्दाम उठाव देऊन नोंदलेले असत. प्लेअर ते वाजवताना पुन्हा बसवतो. तीच तबकडी संगणकात उतरवून घेताना हा संस्कार राहून गेला तर आवाज कर्कश येतो, आणि दोष नव्या युगावर जातो.

तिसरी गोष्ट सरळ वार्धक्याची. चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, लेझर क्षीण होतो, ट्रेचा रबरी पट्टा सैल पडतो. आज आपण दोन रचनांची तुलना करत नसतो. दोन म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची करत असतो. मात्र लेझर थकला म्हणून आवाज ‘मऊ’ होतो हे मला पटत नाही. तबकडीवर चूकदुरुस्तीची अशी योजना आहे की मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा वाचता आला नाही तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. त्यापुढे अंदाजाने भर घातली जाते, आणि तेही जमेनासे झाले की खडखडाट किंवा शांतता.

एका ठिकाणी मात्र मी फरक मानतो: स्वर विरत जाताना, अगदी शेवटच्या हलक्या पायऱ्यांवर. सुरुवातीचे रूपांतरक तिथे खरोखर अडखळत. हेडफोन लावून सावकाश विरणारा आघात ऐकावा. थोडी खरखर कानी येते. फिलिप्सच्या पुढच्या टीडीए १५४१ या १६ बिटांच्या चिपमधून याच गुणासाठी निवडक नग वेगळे काढून त्यांवर मुकुट छापत. आज त्या मुकुटाला इतका भाव आला आहे की साध्या चिपवर मुकुट रंगवून विकणारेही निघाले आहेत. आणि ऐकणारे तृप्त होतात!

म्हणून पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना आहे. पातळी जुळवावी, एकाच आवृत्तीच्या दोन तबकड्या घ्याव्यात, यंत्रांवर चादर टाकावी, आणि कुठले वाजते आहे हे नाणे उडवून एकट्यानेच, पडद्याआड बसून ठरवावे. प्रत्येकाने सोळा वेळा ओळखायचे. सोळा वेळच्या हो-नाहीच्या शक्यताही ६५,५३६ च भरतात. त्यांपैकी बारा किंवा अधिक वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चारही नाही. बारा ओळखणाऱ्याचे यंत्र कितीही स्वस्त असो, त्या संध्याकाळी त्याने बोलावे आणि आम्ही ऐकावे. चादर मी आणतो.