शेजारधर्म आणि हरकतीचा अर्ज

डोंबिवली पूर्वेतील कोणतीही जुनी गल्ली डोळ्यांसमोर आणावी. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव, दादर, परळ येथील एका खोलीच्या संसारातून बाहेर पडलेल्या कुटुंबांनी येथे दोन-तीन मजली इमारती उभ्या केल्या. गल्लीची रुंदी तेव्हा बैलगाडीच्या हिशेबाची होती आणि ती बहुतेक ठिकाणी आजही तेवढीच आहे. एके दिवशी शेजारच्या भूखंडावर हिरवा पत्रा उभा राहतो. जुनी इमारत जमीनदोस्त होते. तिच्या जागी किती मजले येणार, गाड्या कोठे उभ्या राहणार, पाण्याची जोडणी कोठून घेणार, यांतील एकही गोष्ट शेजाऱ्याला कोणी सांगत नाही. आणि शेजारीही विचारत नाही. संध्याकाळी कट्ट्यावर चर्चा होते, चार दिवस हळहळ व्यक्त होते, आणि अखेर 'आपल्याला काय करायचे आहे, उगाच वाईटपणा कशाला' या वाक्याने विषय मिटतो.

या मौनाला आपल्याकडे शेजारधर्म म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः ही शेजारधर्माची विटंबना आहे. शेजाऱ्याच्या घराला आग लागण्याची शक्यता दिसत असताना गप्प बसणाऱ्याला कोणी सज्जन म्हणत नाही. मग ज्या इमारतीच्या वाटेने अग्निशमन दलाचा बंब वळूच शकणार नाही, तिच्याविषयी मौन बाळगणारा सज्जन कसा ठरतो?

परंतु सारा दोष नागरिकाच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. ज्याला विचारावेसे वाटते, त्याच्यासाठी कायद्याने दारच ठेवलेले नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या ४४व्या कलमान्वये जमीनमालक बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज करतो आणि ४५व्या कलमान्वये नियोजन प्राधिकरण त्यावर निर्णय देते. या संपूर्ण प्रवासात लगतच्या भूखंडधारकाला सूचना देण्याची तरतूद नाही. अर्जदाराची मात्र कायद्याने पुरेपूर काळजी घेतली आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे मानले जाते. परवानगी नाकारली, तर ४७व्या कलमान्वये शासनाकडे अपील करता येते. ज्याच्या खिडकीसमोर भिंत उभी राहणार, ज्याच्या नळाचे पाणी विभागले जाणार, त्याला ना सूचना, ना मुदत, ना अपील.

याहून विस्मयकारक बाब पुढेच आहे. नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९७५ साली अधिनियम केला. त्यानुसार झाड तोडायचे असेल, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, त्या झाडावरही ती लावावी लागते आणि नागरिकांच्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. म्हणजे भूखंडाच्या कोपऱ्यातला आंबा तोडण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे. त्या आंब्याच्या जागी पंचवीस मजले उभे राहणार असतील, तर त्यांविषयी मात्र नाही! वृक्षाला दिलेला हा मान योग्यच आहे. प्रश्न इतकाच की, माणसाला तो का नाकारला गेला?

मोठ्या गृहसंकुलांची कथा निराळी नाही. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल, तर पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. परंतु २००६ सालच्या केंद्रीय अधिसूचनेने इमारत व नगरवसाहत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. कारखाना येणार असेल तर गावाला विचारायचे. हजारो कुटुंबांची वसाहत येणार असेल तर नाही. पुनर्विकासातही हाच न्याय. २००९ आणि २०१९ सालच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना सभा, मतदान व संमती यांचे संरक्षण दिले आणि ते उत्तम झाले. कुंपणापलीकडचा माणूस मात्र त्या सूचनांतही कोठे दिसत नाही.

या मौनाची किंमत ठाणे जिल्ह्याने रक्ताने मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजला चढवला गेला होता. ती इमारत रातोरात, कोणाच्या नकळत उभी राहिली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती पाहिली होती, कर वसूल करणाऱ्यांनी पाहिली होती, ज्यांनी थांबवायची त्यांनीही पाहिली होती.

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. तिच्या हद्दीतील बेकायदा बांधकामांचा शोध घेण्यासाठी या शतकाच्या पहिल्या दशकात नेमलेल्या न्यायमूर्ती अग्यार समितीने ६७ हजारांहून अधिक अवैध बांधकामांची नोंद केली. एवढा आकडा एका वर्षात, एका अधिकाऱ्याच्या आशीर्वादाने तयार होत नाही. त्यासाठी पिढीभराची डोळेझाक लागते.

त्यानंतरचा अध्याय अधिक क्लेशदायक आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे 'महारेरा'ची नोंदणी मिळवून ६५ इमारती उभारल्या गेल्या. एका वास्तुविशारदाने हे प्रकरण उच्च न्यायालयात नेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली, कर्ज काढले, नोंदणीचा क्रमांक पाहून विश्वास ठेवला, त्या हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर एका आदेशाने डळमळले. फसवणूक करणारे दोषी आहेतच. परंतु एक प्रश्न समाजानेही स्वतःला विचारला पाहिजे. पायाचे खोदकाम सुरू असतानाच शेजारच्या चार संस्थांनी 'या बांधकामाच्या परवानगीचा क्रमांक कळवावा' असे एका ओळीचे पत्र महापालिकेला दिले असते, तर? बनावट कागद तेव्हाच उघडा पडण्याची संधी होती, आणि तेव्हा त्या इमारतीत एकही कुटुंब राहायला आलेले नव्हते. वेळेवर घेतलेली हरकत ही बांधकामाच्या विरोधातली नसते. ती उद्या तेथे येणाऱ्या कुटुंबाच्या बाजूची असते. हाच खरा शेजारधर्म.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. तिन्ही गंभीर आहेत, म्हणून तिन्हींचा विचार व्हायला हवा.

पहिला आक्षेप असा की, स्वतःचे घर झालेल्याने दुसऱ्याच्या घराला हरकत घेणे हा स्वार्थ आहे. या आक्षेपात तथ्य आहे. आज डोंबिवलीत वा घोडबंदर रस्त्यावर राहणारा बहुतेक मध्यमवर्गीय काल स्वतःच नवा रहिवासी होता. त्याची इमारत येथल्या आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या शेतांवर आणि मिठागरांजवळच्या जमिनींवर उभी आहे. म्हणून 'आता येथे कोणी येऊ नये' हा युक्तिवाद त्याच्या तोंडी शोभत नाही. येणारा कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, कोणत्या पंथाचा, काय खाणारा, हा तर हरकतीचा मुद्दाच होऊ शकत नाही. जो समाज समरसतेची भाषा बोलतो, त्याने ती आपल्या इमारतीच्या फाटकाशीही बोलली पाहिजे. हरकत माणसांना नसते. पाणी, रस्ता, सांडपाणी, अग्निसुरक्षा आणि उजेड यांच्या हिशेबाला असते.

दुसरा आक्षेप: हरकतींमुळे प्रकल्प रखडतील आणि घरे महागतील. इंग्लंडचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. तेथे १९४७ च्या नगररचना कायद्यापासून नियोजनाची आजची व्यवस्था उभी राहिली. घरे बांधण्याचा अर्ज आला की शेजाऱ्यांना कळवले जाते, सर्वसाधारणपणे २१ दिवसांची मुदत मिळते आणि कोणीही लेखी मत देऊ शकतो. परंतु खिडकीतून दिसणारे दृश्य हरवेल किंवा आपल्या घराची किंमत घटेल, ही कारणे तेथे विचारात घेतली जात नाहीत. वाहतूक, उजेड, खासगीपणा, सांडपाणी यांचाच विचार होतो. तरीही शेजाऱ्यांच्या विरोधामुळे तेथे पुरेशी घरे होत नाहीत, अशी तक्रार कायम आहे. त्यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. अधिकार द्यावा, पण मुदत ठरावीक असावी, मुद्दे ठरावीक असावेत, एकदाच सुनावणी व्हावी आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा. रखडपट्टीचे औषध शिस्त आहे. शेजाऱ्याचे तोंड बंद करणे नव्हे. शिवाय दहा वर्षे न्यायालयात अडकलेल्या किंवा पाडाव्या लागणाऱ्या इमारतीपेक्षा सुरुवातीची तीन आठवड्यांची प्रतीक्षा विकासकालाही स्वस्तच पडेल.

तिसरा आक्षेप: हे काम नगरसेवकांचे आहे, तज्ज्ञांचे आहे, सामान्य माणसाला त्यातले काय कळते? कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात बांधकामे थांबली नाहीत. उरला प्रश्न तज्ज्ञतेचा. एप्रिल २०१५ मध्ये घनकऱ्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने याच महापालिकेला नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती सुमारे वर्षभराने उठली. कचरा टाकायला जागा नसताना नवी घरे कशी वाढवता, एवढाच त्यामागचा साधा प्रश्न होता. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीला तो न्यायालयाच्या आधीपासून कळत होता. कळण्याची उणीव नव्हती, कागदावर लिहून देण्याची होती.

म्हणूनच जे दरवाजे आज उघडे आहेत, त्यांतून आत जाण्याची सवय लावून घेतली पाहिजे. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की अधिनियमाच्या २६व्या कलमान्वये हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेकांना आपल्या घरावरून रस्त्याची रेघ गेल्याचे प्रथमच कळले. मैदानाचे आरक्षण बदलायचे असेल, तर ३७व्या कलमान्वये सूचना निघते आणि एका महिन्यात हरकत घेता येते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात असते. पहिले पान वाचून पेपर घडी घालणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते. बांधकाम सुरू झाल्यावर परवानगीचा तपशील देणारा फलक जागेवर लावणे बंधनकारक आहे. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मंजूर नकाशा बांधकामस्थळी लावण्याचे बजावले आणि अवैध बांधकाम केवळ काळ लोटला म्हणून वैध ठरत नाही, हे स्पष्ट केले. फलक नसेल, तर तो का नाही हे विचारण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो.

अर्ज लिहिण्याचीही एक रीत आहे. भाषा सौम्य असावी. 'बिल्डर माफिया', 'लूट' असले शब्द अर्जाचे वजन घटवतात. भूखंडाचा सर्व्हे क्रमांक, रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी, पाणी येण्याच्या वेळा, पावसाळ्यात पाणी तुंबते ती जागा, बंब वळण्यास येणारी अडचण, हे सारे एका पानात मांडावे. आजच्या नियमावलीत अनुज्ञेय चटई क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. म्हणून मोजपट्टी घेऊन काढलेला एक आकडा दहा घोषणांहून प्रभावी ठरतो. एकाची सही असण्यापेक्षा चार संस्थांच्या सह्या असाव्यात. पोच घ्यावी, प्रत जपावी. आणि अर्ज देण्यापूर्वी शेजारी भूखंडधारकाला भेटून तो वाचून दाखवावा. पाठीमागून केलेली तक्रार वैर निर्माण करते. समोर बसून सांगितलेली हरकत पुष्कळदा कुंपणावरच मिटते.

जेथे हरकत चुकीची ठरेल, तेथे ती मागे घेण्याचा मोठेपणाही हवा. नियमांत बसणारे, पाण्या-रस्त्याची तजवीज असलेले घर उभे राहत असेल, तर नव्या शेजाऱ्याचे स्वागत करावे.

परंतु नागरिकांच्या दक्षतेचे कौतुक करून शासनाला मोकळे सोडता येणार नाही. मागणी स्पष्ट असावी. प्रारंभ प्रमाणपत्र देण्यापूर्वी लगतच्या सर्व मिळकतधारकांना लेखी सूचना द्यावी. अर्ज आणि नकाशा प्रभाग कार्यालयात व जागेवर मराठीत लावावा. २१ दिवसांची मुदत द्यावी आणि प्रत्येक हरकतीला कारणांसह उत्तर द्यावे. झाडासाठी जे १९७५ साली करता आले, ते माणसासाठी अर्ध्या शतकानंतर करणे अवघड नसावे.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीने साऱ्या महाराष्ट्राला दिली. त्या पहाटे हजारो कुटुंबे नटूनथटून याच अरुंद रस्त्यांवर उतरतात आणि शिस्तीने चालतात. त्यांतील प्रत्येक वस्तीतून एक निवृत्त अभियंता, एक वकील आणि दोन तरुण एवढेच चार जण महिन्यातून एक संध्याकाळ या कामाला देऊ शकले, तर प्रभागातला एकही हिरवा पत्रा नजरेतून सुटणार नाही. ज्या रस्त्यावरून संस्कृतीची मिरवणूक निघते, त्या रस्त्याची रुंदी मोजणे हेही संस्कृतीचेच काम आहे.