हिरव्या त्रिकोणाला न दिसणारी ग्रंथी

मॅन्कोझेबच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण असतो. खेडोपाडी एम-४५ म्हणून ओळखली जाणारी ही पिवळसर बुरशीनाशक पूड बटाटा-टोमॅटोवरचा करपा आणि द्राक्षावरचा डाऊनी रोग रोखते, आणि हिरवा रंग पाहून ती निर्धोक समजली जाते. पण हा रंग मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एकदाच पोटात गेल्यावर किती मात्रेत निम्मे प्राणी मरतात? किलोमागे ५,००० मिलिग्रॅमहून जास्त लागले की त्रिकोण हिरवा. रोज थोडे थोडे अंगात गेले तर काय होते, हे तो सांगत नाही. ते दीर्घ मुदतीच्या चाचण्यांतल्या उंदरांनी सांगितले आहे. मॅन्कोझेब शरीरात गेले, किंवा त्याचे अवशेष असलेली भाजी शिजली, की त्यातून इथिलीन थायोयुरिया, म्हणजे ईटीयू, तयार होते. थायरॉइडचे संप्रेरक ज्या विकराच्या आधारे बनते त्यालाच ईटीयू अडवते. संप्रेरक घटले की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करायला लावते, आणि थायरॉइड फुगत जाते. जास्त मात्रेत उंदरांना तिथे गाठीही झाल्या.

यावर नेहमीचा आक्षेप असा की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तो अर्धा खरा आहे. उंदराच्या रक्तात थायरॉक्सिन दिवसभरही टिकत नाही, माणसात ते आठवडाभर टिकते. म्हणून उंदराची थायरॉइड लवकर ताणली जाते, आणि त्याला गाठ झाली म्हणजे माणसाला होईलच असे म्हणता येत नाही. पण अडवला जाणारा विकर दोघांतही तोच आहे. थायरॉइडचे संप्रेरक वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर कार्बिमाझोल देतात, ते याच विकराला रोखते. शिवाय खरी भीती गाठीची नाहीच. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइडवर पोसला जातो, आणि तिथे थोडी घटही क्षुल्लक नसते.

दुसरा आक्षेप मात्रेचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. प्रयोगशाळेत दिलेली मात्रा आपल्या ताटात येत नाही, हे खरे. पण ही चर्चा ताटाशीच का थांबते? ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा आली की द्राक्षबागेत फवारणीमागून फवारणी होते, आणि त्याच वेलींत बायका उघड्या हातांनी घडांची विरळणी करतात. त्यांच्या अंगात किती जाते? कोस्टा रिकात हा प्रश्न विचारला गेला. केळीबागांवर विमानातून मॅन्कोझेब फवारले जाणाऱ्या भागात गरोदर स्त्रियांची लघवी तपासली, तेव्हा बागेजवळ राहणाऱ्यांत ईटीयू जास्त आढळले. आपल्याकडे युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना ग्रेपनेटच्या व्यवस्थेत प्रयोगशाळेत जातो. घड तोडणारीचा नमुना कुठेच जात नाही. मात्रा कमी आहे म्हणणाऱ्यांनी आधी ती मोजून दाखवावी.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. प्रजननाला घातक, संप्रेरकांत ढवळाढवळ करणारे, आणि शेतात वावरणाऱ्यांचा संपर्क मर्यादेबाहेरचा, ही त्यामागची कारणे होती. भारताने २०२० च्या मसुद्यात ज्या २७ रसायनांवर बंदी सुचवली त्यांत ते होते. २०२३ च्या आदेशात मात्र पेरू, ज्वारी आणि टॅपिओकावरचा वापर तेवढा काढला गेला.

उद्याच बंदी आणा, असे माझे म्हणणे नाही. मॅन्कोझेब बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, त्यामुळे बुरशी त्याला सहज सरावत नाही. ते स्वस्तही आहे, आणि एका रात्रीत बाग गमावण्याची धास्ती शेतकऱ्यालाच असते. पण म्हणूनच मोजणी टाळता येणार नाही. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीने माणसे मेली तेव्हा यंत्रणा हलली, कारण ती विषबाधा तीव्र होती आणि डोळ्यांना दिसली. थायरॉइडची कुरबुर कोणत्याही वॉर्डात गर्दी करत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात हंगामाआधी आणि हंगामात मजूर स्त्रियांचे ईटीयू आणि थायरॉइडची पातळी सरकारी प्रयोगशाळेने तपासावी, खर्च विक्रेत्या कंपन्यांकडून वसूल करावा, आणि आकडे मराठीत जाहीर करावेत. तोवर फवारलेल्या बागेत किती तासांनी हात घालायचा आणि गरोदर बाईने कोणते काम टाळायचे, हे पुड्यावर त्रिकोणाइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला कोणत्याही नव्या अभ्यासाची वाट पाहावी लागत नाही.