हॅट उचलल्याने वर्णवर्चस्व संपत नाही

आपल्या तथाकथित पुरोगामी मित्रांना एक गोष्ट फार आवडते. दक्षिण आफ्रिकेत एक काळी बाई आपल्या लहान मुलाला घेऊन उभी होती. अंधांच्या एका संस्थेत ती स्वयंपाकाचे काम करायची. समोरून झग्यातला एक गोरा पाद्री गेला आणि जाताना त्याने तिला पाहून हॅट उचलली. गोऱ्या माणसाने काळ्या मोलकरणीला मान द्यावा, हे त्या मुलाने कधी पाहिलेच नव्हते. तो मुलगा म्हणजे पुढचे आर्चबिशप डेस्मंड टूटू. पाद्री होते फादर ट्रेव्हर हडलस्टन.

गोष्ट खरी आहे, टूटूंनी स्वतः ती अनेकदा सांगितली. पण आपल्याकडे ती ज्या हेतूने सांगितली जाते त्यावर माझा आक्षेप आहे. गोष्ट सांगून झाली की लगेच तात्पर्य येते : "बघा, मन मोठे केले की भेद संपतात. कायदे, मोर्चे, आरक्षण यांपेक्षा हृदयपरिवर्तन महत्त्वाचे." म्हणजे पुन्हा तीच समरसता! हडलस्टन यांचे आयुष्य नेमके याच्या उलट साक्ष देते, म्हणून ते आपण नीट वाचले पाहिजे.

हडलस्टन इंग्लंडचे. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन या व्रतांनी बांधलेल्या एका अँग्लिकन संघाचे ते सदस्य होते. 1943 मध्ये संघाने त्यांना जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीत पाठवले. आत्म्यांची काळजी घ्यायला आलेल्या या तरुण पाद्रीला तिथे काय दिसले? पास जवळ नाही म्हणून रस्त्यातून उचलून नेलेला बाप दिसला. रविवारी गोरे एका चर्चमध्ये आणि त्यांच्याच घरची मोलकरीण दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थना करताना दिसली. आणि हे सगळे करणारे सरकार स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते.

त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा इथे सुरू झाली. देव आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मी ज्या देवाचे नाव घेतो त्याच्याच नावाने हा अन्याय चालला असेल, तर मी कोणाच्या बाजूला उभा आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

मित्रांनो, वर्णभेद काही केवळ चार दुष्ट राजकारण्यांनी आणलेला नव्हता. त्याला धर्मशास्त्र होते. गोऱ्या आफ्रिकानरांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1857 मध्येच काही सभासदांच्या 'दुर्बलते'साठी वेगळी उपासना मान्य केली. सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे नियम बनली आणि नियम पुढे ईश्वरी योजना बनला. बॅबेलच्या मनोऱ्याची कथा काढून सांगितले गेले की वंश वेगळे ठेवणे ही देवाचीच इच्छा आहे. आपल्याला हे ऐकल्यासारखे वाटत नाही का? तिकडे बॅबेल, इकडे पुरुषसूक्त. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन' ग्रंथात हेच मांडले होते : लोक दुष्ट आहेत म्हणून जात पाळत नाहीत, धर्म म्हणून पाळतात, तेव्हा हल्ला शास्त्रांच्या पावित्र्यावर करा. सहभोजनाने जात मरत नाही. त्याच न्यायाने हॅट उचलल्याने वर्णभेदही मरत नाही.

हडलस्टन यांना हे समजले, हा त्यांचा मोठेपणा. सोफियाटाउन ही जोहान्सबर्गमधल्या ज्या थोड्या ठिकाणी काळ्यांच्या नावावर जमीन होती त्यांपैकी एक. म्हणूनच ती डोळ्यांत खुपत होती. सरकारने कारण काय दिले? झोपडपट्टी निर्मूलन! हा शब्द आपल्या वस्त्यांतल्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. 9 फेब्रुवारी 1955 ला सुमारे दोन हजार पोलिसांच्या बंदोबस्तात लोकांना ट्रकमध्ये भरून मेडोलँड्सला नेणे सुरू झाले. पुढे वस्ती जमीनदोस्त करून तिथे गोऱ्यांसाठी वसाहत उभारली आणि तिला नाव दिले 'ट्रायॉम्फ', म्हणजे विजय. घरे गेली, हडलस्टन यांच्या चर्चची इमारत मात्र उभी राहिली. माणसे उठवून देऊळ शिल्लक ठेवणारी व्यवस्था आपल्यालाही नवीन नाही.

हडलस्टन सभांना उभे राहिले, लिहू लागले. चर्च झोपले आहे, असे 1954 मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि जगातल्या कलाकारांनी दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार टाकावा असे आवाहन केले. म्हणजे हृदयपरिवर्तनाची वाट पाहू नका, दबाव आणा. तेव्हा त्यांच्याच चर्चचे वरिष्ठ, केपटाउनचे आर्चबिशप क्लेटन, त्यांच्यावर नाराज झाले. ते वर्णभेदाचे समर्थक नव्हते. पण संयम ठेवा, भाषा जपा, हा त्यांचा सल्ला होता. प्रत्येक चळवळीला असा एक क्लेटन भेटतो. गंमत बघा, 1957 मध्ये सरकारने काळ्यांना गोऱ्यांच्या चर्चमध्ये येण्यापासून रोखण्याचा अधिकार मागितला, तेव्हा याच क्लेटन यांनी हा कायदा आम्ही पाळणार नाही अशा पत्रावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. संयम शेवटी आला तिथेच, पण सोफियाटाउन उठल्यावर.

आता शाळेचा प्रश्न. इथे मला हडलस्टन यांच्याशीही वाद घालायचा आहे. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण मिशनऱ्यांकडून सरकारकडे गेले. मंत्री फेरवुर्ड यांचे म्हणणे उघड होते : गोऱ्यांच्या समाजात मजुरीच्या ठराविक कामांपलीकडे काळ्याला जागा नाही, मग त्याला वरचे शिकवायचे कशाला? मनुस्मृतीचाच सरकारी मसुदा. हडलस्टन यांची भूमिका होती की गुलामीचे शिक्षण देण्यापेक्षा शाळा बंद केलेली बरी. ऑलिव्हर टँबो जिथे शिकले आणि पुढे शिकवू लागले, ती सेंट पीटर्स शाळा सरकारच्या हाती न देता बंद झाली.

तत्त्व म्हणून हे धाडसी आहे. पण किंमत कोणी मोजली? ऑक्सफर्डला शिकलेल्या पाद्रीने नाही. ती मोजली शाळा सुटलेल्या पोरांनी. ज्यांच्या घरात पहिल्यांदा पाटी आली आहे, ते असे तत्त्व सहज मान्य करू शकत नाहीत. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव शिकले. ती शाळा धर्मप्रसारासाठी होती, हे त्यांना कळत नव्हते का? कळत होते. तरी ते शिकले आणि तेच ज्ञान हत्यार म्हणून वापरले. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, म्हणजे दुसऱ्याची शाळा बंद पडण्याची किंवा चालू राहण्याची वाट न बघता आपली शाळा उभारली. खरा धडा हा आहे : शाळा मित्राच्या ताब्यात असली तरी ती परक्याच्याच ताब्यात असते.

दुसरी गोष्ट. 25 आणि 26 जून 1955 ला क्लिपटाउनच्या मैदानात स्वातंत्र्याची सनद मंजूर झाली. तिथे 'इसित्वालांद्वे' हा मोठा सन्मान तिघांना जाहीर झाला : अल्बर्ट लुथुली, युसूफ दादू आणि हडलस्टन. मंचावर एकटे हडलस्टन येऊ शकले, कारण लुथुली आणि दादू यांच्यावर सरकारी बंदी होती. गोऱ्या मित्राला सन्मान घ्यायला मोकळीक होती, काळ्या नेत्याला नव्हती. यात हडलस्टन यांचा दोष नाही. पण मित्राची जागा कुठे संपते हे या एका चित्रातून कळते.

आणि मग त्यांच्याच संघाने त्यांना परत बोलावले. आज्ञापालनाचे व्रत होते. मन तुटले, पण 1956 च्या सुरुवातीला ते गेले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना घेऊन धम्माचा मार्ग धरला. एकाने धर्मसंस्थेची आज्ञा मानून लोकांना सोडले, दुसऱ्याने लोकांसाठी धर्मच सोडला. या दोघांत मला कोण मार्गदर्शक वाटतो, हे सांगायची गरज नाही. ज्या श्रद्धेला अन्यायाविरुद्ध लढतानाही वरच्याची परवानगी लागते, ती श्रद्धा परीक्षेत अर्धीच उतरते.

तरीही अर्धी उतरली, हे मान्य केलेच पाहिजे. इंग्लंडला परतलेला हा माणूस गप्प बसला नाही. 26 जून 1959 ला लंडनमध्ये बहिष्काराची चळवळ सुरू झाली, तेव्हा ज्युलियस न्यरेरे यांच्यासोबत ते व्यासपीठावर होते. 1981 पासून ब्रिटनमधील वर्णभेदविरोधी चळवळीचे ते अध्यक्ष होते आणि 1994 मध्ये सगळ्यांना मताचा हक्क मिळेपर्यंत राहिले. काळ्यांनी काय करावे हे त्यांनी शिकवले नाही. आपल्या देशाने वर्णभेदी सरकारशी व्यापार थांबवावा, म्हणून ते आपल्याच माणसांशी भांडले.

ही कसोटी आपल्या सवर्ण मित्रांना लावू या. 1932 मध्ये अस्पृश्यता निवारणाच्या संघाला बाबासाहेबांनी पत्र लिहून सुचवले होते की विहिरी, शाळा, रस्ते यांच्या नागरी हक्कांची लढाई लढा. त्या पत्राची साधी पोचही मिळाली नाही. संघाने सेवेचा मार्ग धरला. सेवा करणाऱ्याचे आपल्या जातीशी भांडण होत नाही, हक्कासाठी लढणाऱ्याचे होते. म्हणून 14 एप्रिलला आमच्या मंचावर येऊन 'जय भीम' म्हणणाऱ्याला एवढेच विचारा : तुझ्या घरात, तुझ्या सोसायटीत, तुझ्या कार्यालयातल्या नेमणुकीत तू कोणाशी भांडलास?

आणि हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. विहारात पंचशील म्हणून घरी परतल्यावर सोयरीक जुळवताना पोटजात विचारणारा कार्यकर्ता हा आपल्यातला डच रिफॉर्म्डवाला आहे. त्याची 'दुर्बलता' आज सवलत म्हणून सोडून दिली, तर उद्या तीच रीत बनेल. तिकडच्या चर्चला ही चूक मान्य करायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

हॅट उचलणाऱ्याचे आभार मानू. पण डोके आपले, आणि लढाईही आपली.

जय भीम!