विक्षिप्तपणा कीं विकार?

शिरोली एमआयडीसीच्या एखाद्या फौंड्रींत असा कारागीर आढळतो, कीं ज्याचें काम चोख. परंतु तो डबा एकट्यानें खाणार, कोणाच्या लग्नमुंजीस जाणार नाहीं. घरीं त्याला ‘तुसडा’ हें नांव मिळतें. हा नुसता स्वभाव, कीं रोग, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरींही उठत असेल.

विक्षिप्त वागणुकीच्या व्यक्तिमत्त्व-विकारांचे तीन प्रकार मानसोपचारशास्त्रानें मानले आहेत. एकाला साध्या थट्टेंतही कपट दिसतें. दुसऱ्यास माणसांची ओढच नसते. तिसरा योगायोगांतून स्वतःपुरते संकेत वाचतो. पण शकुन पाळणाऱ्या आजीबाई कांहीं रोगी नव्हेत. ती समजूत साऱ्या घराची असते. तरुणपणापासून जडलेली, सर्वत्र दिसणारी आणि संसार वा नोकरी नासविणारी वृत्ति असेल, तरच तिला विकार म्हणावें.

संशयी माणसाशीं वाद घालूं नये, खोटा होकारही देऊं नये. त्याच्यासमोर कुजबुज टाळावी. एकलकोंड्याला पंक्तीचा आग्रह नको. मात्र हंसताखेळता मुलगा थोड्या आठवड्यांत घुमा झाला, त्याला नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, तर तो स्वभाव समजूं नये. मानसोपचारतज्ज्ञ तत्काळ गांठावा. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची विनामूल्य सल्लासेवाही आहे. आणि ‘लग्न झालें म्हणजे सुधारेल’ असें म्हणून, सारें लपवून परक्याची मुलगी घरांत आणणें हा उपाय नव्हे. तो अन्यायच होय.