पदवीनंतरची दहा वर्षे

2023 साली महसूल खात्याने तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागा काढल्या आणि दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला अर्जाचे हजार रुपये, राखीवला नऊशे. पुढच्या वर्षी पोलीस भरती झाली. जागा 17,471 आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. तलाठ्याला कोणत्याही शाखेची पदवी लागते, पोलीस शिपायाला बारावी पुरते. तरीही शिपायाच्या रांगेत बी.ए., बी.कॉम. झालेले होते, एम.एस्सी. झालेले होते आणि इंजिनिअरही होते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतली मुले या दोन्ही रांगांमध्ये उभी राहिली. पहाटे तालुक्याच्या गावी मैदानावर जावे आणि सोळाशे मीटर धावून धापा टाकत थांबलेल्या मुलांना त्यांचे शिक्षण विचारावे. बारावीवर मिळणाऱ्या नोकरीसाठी पदवीधर घाम गाळताना दिसतील.

पदवी घेतल्याने नोकरी मिळते का, हा प्रश्न या जिल्ह्यात दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी घरोघरी विचारला जातो. त्याचे खरे उत्तर घरच्यांना कोणी देत नाही. ते असे आहे की पदवीधराला बहुधा काही ना काही काम मिळते, पण ते फार उशिरा मिळते आणि पुष्कळदा त्या कामाचा पदवीशी काडीचा संबंध नसतो. पदवी हाती येते एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी. तिथून तिशी ओलांडेपर्यंतचा काळ आपला जिल्हा आपल्या शिकलेल्या मुलांकडून हिरावून घेत आहे. हे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच त्याबद्दल कोणी घाबरलेलेही दिसत नाही, आणि हीच सर्वांत घाबरण्यासारखी गोष्ट आहे.

सावेडीत, संगमनेरला, श्रीरामपूरला गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. प्लायवूडची फळी मारून केलेला खण, त्यात एक खुर्ची, एक चार्जिंगचा पॉइंट, भिंतीला चिकटवलेले वेळापत्रक आणि चालू घडामोडींच्या मासिकांची चळत. महिन्याचे भाडे वेगळे, क्लासची फी वेगळी, खोलीचे भाडे वेगळे. कोणाचा डबा गावाहून एसटीने येतो. जाहिरात निघाली की अर्ज भरायचा, परीक्षा पुढे ढकलली की थांबायचे, निकालावर कोणी न्यायालयात गेले की पुन्हा थांबायचे. राज्यसेवेची पूर्व परीक्षा थोडक्यात हुकली तर तलाठी, तलाठी हुकली तर ग्रामसेवक, तीही हुकली तर वनरक्षक. 2016 साली सरकारने नोकरीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि राखीवसाठी 43 केली. मुलांना आणखी संधी मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण जागा वेळेवर न भरता फक्त वय वाढवल्याने रांग लांबली. "अजून वय आहे" या एका वाक्यावर घरातले दरवर्षी शेतातला एखादा खर्च पुढे ढकलतात आणि खोलीचे भाडे पाठवतात.

देशाचे आकडेही हेच सांगतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2024 साली भारतातल्या रोजगाराचा जो अहवाल काढला, त्यात 2022 मध्ये पदवीधर तरुणांमधली बेकारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली 3.4 टक्के. हा आकडा ऐकून "शिकून काय उपयोग" असे म्हणणारे पारावर लगेच सापडतात. त्यांनी जरा थांबावे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर दुसऱ्याच दिवशी धरतो. त्याच्या 3.4 टक्क्यांमध्ये सुख नाही, नाइलाज आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालात या चित्राची दुसरी बाजू आहे. पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांत बेकारी चाळीस टक्क्यांवर आणि पस्तिशीनंतर ती पाच टक्क्यांखाली. म्हणजे शेवटी बहुतेक जण कुठे ना कुठे लागतात. ते नेमके कुठे लागले आणि मधली दहा वर्षे काय करत होते, यावर मात्र कोणी बोलत नाही.

आपल्या जिल्ह्यात पदवीला एके काळी मोल होते आणि ते फुकट आलेले नव्हते. 1947 मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी नगरला महाविद्यालय काढले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. 1961 मध्ये संगमनेरला महाविद्यालय आले, पुढच्या वर्षी जिल्हा परिषद स्थापन झाली, 1968 मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालये गावोगाव पोचली. ज्या पिढीने या काळात पदवी घेतली, तिच्यासमोर नवी कार्यालये, नव्या शाळा, नव्या बँका, नवे कारखाने उभे राहत होते. शेतकऱ्याचा पोरगा बी.ए. झाला की हायस्कुलात मास्तर होई, बी.कॉम. झाला की जिल्हा बँकेत किंवा कारखान्याच्या हिशेब खात्यात लागे, बी.एस्सी. ॲग्री झाला की शेतकी अधिकारी होई. पदवी आणि जागा बरोबरीने वाढत होत्या. त्या पिढीचा अनुभव खरा होता आणि तोच आज ती आपल्या नातवंडांना सांगते आहे. पण कारखान्यांत आता नव्या जागा निघत नाहीत, बँकांची कामे संगणकावर गेली आणि 2012 नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षे बंदच राहिली. त्याआधी गावोगाव निघालेल्या डी.एड. महाविद्यालयांना एकामागून एक कुलपे लागली आणि तिथे पैसे भरून शिकलेली मुले वाऱ्यावर राहिली. त्या वेळी कोणी धडा घेतला नाही. आज तेच बी.ए., बी.कॉम.च्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

नोकऱ्या जिल्ह्यात अजिबात नाहीत असेही नाही. नागापूरची आणि सुप्याची औद्योगिक वसाहत माणसे घेते. पण फाटकावर पहिला प्रश्न असतो, "आयटीआय केलाय का?" फिटर, इलेक्ट्रिशियन, डिप्लोमा झालेल्याला आत काही किंमत असते. साधा पदवीधर ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागतो, काही महिन्यांनी त्याला ब्रेक दिला जातो आणि तो दुसऱ्या फाटकावर जातो. पदवी सांगितली तर हा टिकणार नाही असे ठेकेदाराला वाटेल, म्हणून फॉर्मवर फक्त बारावी लिहिणारी मुले आहेत. तीन वर्षे ज्या कागदासाठी घालवली तो कागद पोटासाठी लपवावा लागतो, यापेक्षा आणखी कोणत्या धोक्याच्या घंटेची वाट आपण पाहत आहोत?

याचा दोष मुलांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. "मुलांना कौशल्य नाही" हे वाक्य उद्योजक आणि पुढारी दोघांच्याही तोंडी असते. मग ते कौशल्य कुठे मिळायचे होते? कला आणि वाणिज्य शाखेच्या कितीतरी वर्गांत पटावर शंभर नावे आणि बाकांवर पंधरा-वीस मुले, हे जिल्ह्यातला प्रत्येक प्राध्यापक जाणतो. परीक्षेच्या आधी गाइड आणायचे, प्रॅक्टिकलची वही झेरॉक्सच्या दुकानातून घ्यायची आणि पास व्हायचे. शिकवणारे तरी कोण आहेत? सेट-नेट, पीएच.डी. झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर घेतलेले. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी कधी महिनोन्महिने थकलेले. उन्हाळ्यात काहीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. ज्याच्या स्वतःच्या सर्वोच्च पदवीला नोकरी मिळालेली नाही, तो माणूस वर्गात उभा राहून पदवी देतो आहे. समोरची मुले त्याच्याकडे पाहून काय शिकत असतील, याचा संस्थाचालकांनी एकदा शांतपणे विचार करावा.

सरकारने काय केले? 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिन्यांपर्यंत नेली. ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये ही मुले मनापासून राबली. मुदत संपल्यावर त्यांना घरी पाठवले आणि नोकरीत कायम करा म्हणून ती रस्त्यावर उतरली. खरी गोष्ट अशी की त्या कार्यालयांमध्ये काम होते, टेबले रिकामी होती, म्हणूनच ही मुले तिथे खपली. कायमच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तेच काम प्रशिक्षणाच्या नावाखाली करून घ्यायचे, याला रोजगार धोरण म्हणता येणार नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती फारच कमी बोलली जाते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा राज्याच्या अलीकडच्या काळातल्या चांगल्या निर्णयांपैकी एक आहे. पण आपल्याकडे स्थळ सांगताना मुलीची पदवी सांगितली जाते, तिने पुढे काय करावे याची चर्चा होत नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि साखरपुडा एकाच महिन्यात उरकला जातो. तिकडे शेती करणाऱ्या पदवीधर मुलाला स्थळ येत नाही, कारण मुलीकडच्यांना "नोकरदार पाहिजे". त्यामुळे वीस एकर बागायत असलेल्या घरातला मुलगासुद्धा दहा हजारांच्या कंत्राटी नोकरीमागे पळतो. नोकरी हा लग्नाचा दाखला झाला आहे आणि या दाखल्यापायी मुलगे आणि मुली दोघांचीही वर्षे जात आहेत.

एवढे लिहूनही आम्ही कोणत्याही आईबापाला मुलाला कॉलेजातून काढा असे सांगणार नाही. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराच्या घरात, अकोल्याच्या आदिवासी पाड्यावर जो मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचते, तिच्यासाठी ती पदवी कोयत्यापासून सुटण्याची वाट आहे. ती वाट बंद करा म्हणणारे बहुधा असे लोक असतात की ज्यांची स्वतःची मुले पुण्यात किंवा परदेशात शिकत असतात. म्हणूनच ती पदवी भुसभुशीत निघणे हा या घरांशी केलेला द्रोह आहे. श्रीमंताच्या मुलाची दहा वर्षे वाया गेली तर त्याच्या मागे जमीन आणि दुकान असते. ऊसतोड्याच्या मुलाच्या मागे मुकादमाकडून घेतलेली उचल असते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट अगदी साधी आणि बिनखर्चाची आहे. नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनाला जाणारे प्रत्येक महाविद्यालय आपल्या किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, याची माहिती भरते. ती फायलीत जाते आणि मूल्यांकन झाले की कपाटात बंद होते. हीच माहिती शाखेनुसार, मागच्या पाच वर्षांची, प्रवेशाच्या खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत लावली पाहिजे. बी.ए. राज्यशास्त्राच्या मागच्या तुकडीचे काय झाले हे जाणून घेण्याचा हक्क फी भरणाऱ्या बापाला आहे. जे महाविद्यालय हा आकडा लावायला कचरेल, त्याच्याविषयी पालकांनी जे समजायचे ते समजावे.

दुसरे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. हे प्रशिक्षण ओळखीच्या दुकानदाराच्या शिक्क्यावर उरकले गेले तर ते झेरॉक्सच्या वहीच्याच वाटेने जाईल. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत, सुप्याचे कारखाने आहेत, राहुरीचे विद्यापीठ आहे. यातल्या बहुतेक संस्थांच्या आणि महाविद्यालयांच्या संचालक मंडळांवर तीच घराणी बसतात. आपल्या महाविद्यालयातली मुले आपल्याच कारखान्याच्या हिशेब खात्यात, प्रयोगशाळेत, संगणक विभागात चार महिने खरोखर बसवायला त्यांना कोणाची परवानगी लागते?

तिसरी मागणी राज्याकडे. भरतीचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा आणि ते पाळा. रिक्त पदे किती, ती कधी भरणार, परीक्षा कोणत्या महिन्यात, निकाल कोणत्या महिन्यात. मुलाला एकविसाव्या वर्षीच कळले की त्याच्या वाट्याला दोन किंवा तीन खऱ्या संधी आहेत, तर तो चोविसाव्या वर्षी दुसरी वाट धरेल. आज त्याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून तो चौतिसाव्या वर्षीही अभ्यासिकेत आहे.

या जूनमध्ये पुन्हा प्रवेश सुरू होतील, गुणवत्ता याद्या लागतील. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींपैकी कितीतरी जण स्वतः शिक्षणसंस्था चालवतात. मागच्या पाच वर्षांत आपल्या संस्थेतून बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाने प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करावे. आम्ही ती माहिती जशी येईल तशी, एका ओळीचाही बदल न करता छापू.